जालन्यात ‘मध्ययुगीन चॅपेल’ शोधणाऱ्यांसाठी

जुन्या वास्तूंची छायाचित्रे फिरवणाऱ्यांच्या पिशवीत चर्चसाठी दोन शिक्के कायम तयार असतात. समुद्राजवळचे चर्च ‘पोर्तुगीजकालीन’ आणि समुद्रापासून दूरचे ‘ब्रिटिशकालीन’. त्यातून कमान टोकदार असली, भिंतीवर शेवाळ असले आणि छायाचित्र पावसाळ्यात काढलेले असले, की तिसरा शिक्का आपोआप उमटतो: ‘मध्ययुगीन’. जालना जिल्ह्यात हे तिन्ही शिक्के चुकतात, आणि चुकताना एक खरा इतिहास झाकून टाकतात. हा धागा त्या शिक्क्यांविरुद्ध आहे.

आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे. जालना जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मध्ययुगीन कॅथलिक चॅपेल नाही. जे आहे ते जालना शहराजवळचे बेथेल. ते एकोणिसाव्या शतकातले, प्रॉटेस्टंट पंथाचे, निजामाच्या राज्यातले; आणि त्याचा संस्थापक ना पोर्तुगीज होता ना इंग्रज. ते वसले मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी. ‘मध्ययुगीन कॅथलिक’ या दोन शब्दांत जेवढे रहस्य वाटते, त्याहून कितीतरी अधिक इतिहास या वस्तीत आहे. पण तो दिसायला आधी ते दोन शब्द बाजूला ठेवावे लागतात.

पहिला शब्द ‘मध्ययुगीन’. युरोपात मध्ययुग ढोबळमानाने पाचव्या शतकात सुरू होते आणि पंधराव्यात संपते. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत मात्र ‘मध्ययुगीन भारत’ मराठेशाहीच्या अखेरीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणजे १६०० साली वसईत बांधलेले चर्च मराठी पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने मध्ययुगीन आणि स्थापत्याच्या हिशेबाने प्रबोधनोत्तर युरोपचे अपत्य. एकाच शब्दाची ही दोन मापे आहेत. छायाचित्राखाली तो शब्द लिहिणारा कोणते माप वापरतो आहे हे सांगत नाही. बहुधा त्याला ते ठाऊकही नसते. त्याच्या लेखी मध्ययुग म्हणजे मशाली, मठ आणि गूढ घंटानाद.

दुसरा शब्द ‘कॅथलिक’, आणि त्याच्या पोटात लपलेला ‘पोर्तुगीज’. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दमणपासून चौलपर्यंत, मधल्या साष्टी-ठाण्यासह, जी किनारपट्टी त्यांच्या ताब्यात आली ती सह्याद्रीच्या पायथ्याशी थांबली. घाटावर त्यांचा अंमल एक दिवसही चालला नाही. त्या काळातला जालना परगणा आधी निजामशाहीकडे, मग मोगलांकडे आणि १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाकडे होता. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली. त्या प्रसंगाच्या हकिगतींत सावकार येतात, व्यापाऱ्यांनी जेथे आसरा घेतला तो सय्यद जान महंमद या अवलियाचा मठ येतो. पाद्री येत नाही. याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. मध्ययुगीन जालन्याचा धर्म शोधायचा तर वाट जांबकडे आणि त्या मठाकडे जाते.

दख्खनेत युरोपीय माणसे नव्हतीच, असे मात्र नाही. विजापूर, गोवळकोंडा, औरंगाबाद येथे फिरंगी गोलंदाज, वैद्य, जवाहिरे येत-जात असत. १८०३ साली याच जिल्ह्यात, भोकरदनजवळ असई येथे वेलस्लीसमोर शिंद्यांचे जे कवायती पायदळ उभे राहिले, त्याचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता. पण नोकरीला आलेला गोलंदाज गळ्यात क्रूस घेऊन येतो. तो गावोगाव चॅपेल बांधत नाही. त्यासाठी जमीन लागते, कायम वस्ती लागते आणि तिच्या बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंतची जबाबदारी घेणारी धर्मसंस्था लागते. पोर्तुगीजांनी ही तिन्ही कोकणात उभी केली. घाटावर त्यांच्यापाशी यांपैकी एकही नव्हते.

पोर्तुगीजांची एक वस्तू मात्र घाट चढून आली: घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या प्रसिद्ध घंटेवर १७२१ आहे, आणि ते मंदिर उभे राहिले १७४७ मध्ये. घंटेवरून वास्तूचे वय काढणाऱ्याने नारोशंकराचे देऊळ सव्वीस वर्षे आधीच बांधून टाकले असते, आणि कदाचित त्याला चर्चही ठरवले असते. हसण्यासारखे वाटते, पण क्रूस दिसला की पोर्तुगीज आणि टोक दिसले की मध्ययुग, हा हिशेब याच जातीचा आहे.

मग महाराष्ट्रात खरोखर मध्ययुगीन ख्रिस्ती प्रार्थनास्थळ कधी नव्हतेच का? होते, आणि ते पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचे. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लुस्टस हा ग्रीक लेखक ‘कॅलिआना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. हे ठिकाण म्हणजे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ साली जॉर्डनस हा डोमिनिकन धर्मगुरू ठाण्याच्या परिसरात होता. त्याच्याबरोबर आलेले चार फ्रान्सिस्कन ठाण्यात एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. ते कुटुंब नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या सीरियन परंपरेचे होते. धर्माविषयीच्या वादातून तिथल्या अंमलदाराने त्या चौघांना ठार करविले. जॉर्डनसने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन संत थॉमसच्या नावाच्या चर्चमध्ये पुरले. थोड्याच वर्षांत ओडोरिक हा दुसरा फ्रान्सिस्कन प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी जहाजातून चीनपर्यंत घेऊन गेला.

हे घडत होते तेव्हा देवगिरीचे यादव नुकतेच संपले होते आणि ठाण्यावर दिल्लीचा अंमल बसला होता. वास्को द गामा जन्मायला अजून सव्वाशेहून अधिक वर्षे होती. म्हणजे युरोपच्या मापानेही निखळ मध्ययुगीन असे एक चर्च महाराष्ट्रात होते. त्याचा आज एक दगडही दाखवता येत नाही. ते समुद्रकाठी, व्यापारी बंदरात होते, आणि त्याचे भाविक पर्शियाच्या आखाताशी जोडलेले होते. ज्यांना मध्ययुगीन ख्रिस्ती महाराष्ट्राचे खरोखर वेड आहे त्यांनी सोपाऱ्याच्या या हरवलेल्या चर्चवर लिहावे. त्याचे छायाचित्र मिळणार नाही, एवढीच अडचण. आणि बहुधा म्हणूनच त्यावर कोणी लिहीत नाही.

खेड्यातले जुने कॅथलिक चर्च कसे असते तेही पाहून घ्यावे. मुंबईत मरोळजवळ, आज ‘सीप्झ’ नावाच्या निर्यात-वसाहतीच्या कुंपणात, संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. जेझुइटांनी ते १५७९ साली कोंडिविटे गावासाठी बांधले. १८४० च्या सुमारास साथ आली, गाव उठले, आणि लोकांनी मरोळला नवे चर्च वसवले. आता वर्षातून एकदा, सणाच्या दिवशी, जुन्या वस्तीचे वंशज परवानगी काढून तिथे प्रार्थनेला जातात. भोवती संगणकाच्या आणि दागिन्यांच्या कंपन्या, मध्ये छप्पर नसलेले देवघर. सोळाव्या शतकातला युरोप साष्टीच्या शेतात कसा उतरला, हे तिथे वाचता येते.

या घराण्यातल्या चर्चांची ठेवण ठरलेली असते. एकच लांबट दालन. त्याच्या टोकाला अरुंद केलेले वेदीस्थान. दोहोंच्या मध्ये अर्धवर्तुळाकार कमान. दर्शनी भिंत सपाट, तिच्यावर त्रिकोणी किंवा वळणदार माथा, बाजूला घंटेचा मनोरा. भिंती दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. छप्पर लाकडी वाशांवर कौलांचे. समोर मोकळ्या जागेत दगडी क्रूस. वेदीमागे कोरीव, सोनेरी मुलाम्याची लाकडी चौकट, तिच्यात संतांच्या मूर्ती. हे सारे रोमन वळणाचे आहे. पोर्तुगीज भारतात आले तेव्हा युरोपात गोल कमान आणि अभिजात खांब यांची चलती होती. टोकदार कमान जुनी झाली होती. गोव्यातल्या अगदी आरंभीच्या एखाददुसऱ्या वास्तूत तिच्या खुणा सापडतात, एवढेच.

तेव्हा टोकदार कमान पाहून ‘पोर्तुगीज’ म्हणणाऱ्याने उलटा पुरावा हातात धरलेला असतो.

टोकदार कमानीची युरोपीय कथा पॅरिसजवळच्या सँ-दनी मठात, बाराव्या शतकाच्या मध्यास सुरू होते. वजन खाली ढकलण्याऐवजी ते बरगड्यांवरून कोपऱ्यांत आणि तिथून बाहेरच्या तिरक्या आधारांवर न्यायचे, भिंत मोकळी करायची आणि तिथे रंगीत काच बसवायची, हे त्या शैलीचे गमक. ती गॉथिक. प्रबोधनकाळाने तिला रानटी म्हणून हिणवले. मग १८३० नंतरच्या इंग्लंडमध्ये प्युजिन आणि त्याच्या पिढीने तिचे पुनरुज्जीवन केले. कारखान्यांच्या धुराला वैतागलेल्या त्या पिढीला मध्ययुग पवित्र वाटू लागले होते. त्या लाटेतून मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च आले. १८५८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे ते स्मारक. उंच सुळका, टोकदार कमानी, रंगीत काचा. ‘मध्ययुगीन’ म्हणून खपायला सर्वांत लायक आणि वयाने कोंडिविट्याच्या चर्चपेक्षा सुमारे पावणेतीनशे वर्षांनी लहान. महाराष्ट्रात जे चर्च सर्वांत मध्ययुगीन दिसते ते बहुधा आगगाडीच्या काळातले निघते.

आणि मराठवाड्यात तर टोकदार कमानीसाठी युरोपकडे पाहण्याचीही गरज नाही. खुलताबादच्या दर्ग्यांपासून बीबी का मकबऱ्यापर्यंत दख्खनचा पाथरवट ती कमान काळ्या दगडात आणि चुन्यात घडवीत आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात एखाद्या साहेबाने त्याच्यापुढे गॉथिक खिडकीचा आराखडा ठेवला असेल, तर त्याला तो आकार परका वाटला नसणार. कमान एकटी कधीच वय सांगत नाही आणि धर्मही सांगत नाही. तिच्या भोवतीचे दगडाचे घडीव काम, सांधे, चुना की सिमेंट, छपराची रचना, पायाभरणीचा दगड, अंगणातल्या थडग्यांवरची साले, बाप्तिस्म्याची नोंदवही, हे सगळे एकत्र ठेवल्यावर वय बोलू लागते. या कामाला एक दुपार पुरत नाही. शिक्क्याला एक क्षण पुरतो.

आता जालना.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून जालन्यात लष्करी छावणी होती. तिथल्या मद्रासी पलटणींबरोबर दक्षिणेतले ख्रिस्ती शिपाई, छावणीचे दुकानदार, गोरे अधिकारी आले. छावणीची प्रार्थना ही छावणीपुरती असते. पलटण हलली की ती हलते. पण म्हणून जालना ‘ब्रिटिश’ झाला नाही. छावणीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले की मुलूख निजामाचा, वसुली निजामाची, न्याय निजामाचा. १९४८ पर्यंत हेच. जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या दगडाला ‘ब्रिटिशकालीन’ म्हणणारे लोक शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम शिकलेले असतात, याचे नवल वाटते.

या निजामी मुलखात १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री काम करू लागले. त्यांची कथा मात्र मुंबईत, १८४३ साली सुरू होते.

त्या वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली. धर्मगुरू नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, हा वाद होता. मंडळीची बाजू घेणारे बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झाले. मुंबईतले जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट हे मिशनरी त्यांच्याबरोबर गेले. परिणामी शाळेच्या इमारतीही त्यांना सोडाव्या लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या शाळेतला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, त्याच्यामागोमाग मिशनच्या घरी राहायला गेला. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला.

पुढचे महाभारत मराठी इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते, पण ते बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाखाली ठाऊक असते. मिशनऱ्यांबरोबर जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे की नाही? जांभेकरांनी घ्यावे म्हटले, त्यासाठी शास्त्राधार काढला, सनातनी मंडळींचा रोष पत्करला. प्रश्न काशीच्या पंडितांपर्यंत गेला. हे प्रकरण सुधारणेच्या इतिहासात ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून नोंदले गेले. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र तो इतिहास थांबला नाही. त्याच्या दृष्टीने जो परत आला तो विषय, जो गेला तो गेला.

जो गेला तो जालन्याला गेला. दीक्षित पाद्री होऊन नारायण शेषाद्रींनी फ्री चर्चचे काम हाती घेतले आणि ते काम ब्राह्मणांत वाढले नाही. वाढले मांगांत आणि काही प्रमाणात महारांत. गावाबाहेरच्या वस्तीत राहणारी, दोरखंड वळणारी, हलगी वाजवणारी, जमीन नसलेली ही माणसे. बाप्तिस्मा घेतल्यावर गावात त्यांची जी जागा होती तीही डळमळणार, हे उघड होते. त्यांना जमीन हवी होती. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या सरकारने जालन्यापासून काही मैलांवर ती दिली, आणि तिथे बेथेल वसले.

या ओळी पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. ब्राह्मण घरात जन्मलेला, स्कॉटिश पंथाचा ख्रिस्ती पाद्री. मुसलमान राज्याचा शिया पंथीय दिवाण. मांग जातीची कुटुंबे. आणि समर्थांच्या जांबेचा परिसर. एकोणिसाव्या शतकातल्या मराठवाड्यातले असे गुंतागुंतीचे चित्र ‘मध्ययुगीन पोर्तुगीज’ या शिक्क्याखाली दडपले जाते तेव्हा हानी केवळ तपशिलाची होत नाही.

बेथेल हा हिब्रू शब्द. अर्थ ‘देवाचे घर’. घर सोडून निघालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्न पाहतो, सकाळी तोच दगड उभा करतो आणि त्या जागेला बेथेल म्हणतो, अशी बायबलमधली कथा. घरदार तुटलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव ज्याने दिले त्याला नावाचे वजन कळत होते.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखांविषयी लिहिताना तिने नोंदवलेली एक गोष्ट वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे: मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरण्याची रीत. महाराष्ट्रातल्या वाड्यांचे कौतुक करताना कमानी मोजल्या जातात, पाया कोणी उकरत नाही. ज्या समाजाची मुलगी हे लिहीत होती त्याच समाजातली कुटुंबे थोड्याच वर्षांनी जालन्याजवळ स्वतःची गल्ली, स्वतःची विहीर, स्वतःची शाळा आणि स्वतःचे प्रार्थनागृह असलेल्या गावात राहू लागली. ही घटना स्थापत्याच्या इतिहासात बसत नसेल तर दोष त्या इतिहासाच्या व्याख्येचा आहे.

फ्री चर्चचे प्रार्थनागृह कॅथलिक चॅपेलपेक्षा आतून का वेगळे, हेही इथेच सांगितले पाहिजे. कारण बाहेरून क्रूस पाहून दोन्ही एकच समजली जातात. कॅथलिक वास्तूचा कणा म्हणजे वेदी. तिथे मिस्सा होते, पवित्र भाकर तिथल्या पेटीत राहते, म्हणून ती उंच, सजवलेली, कमानीपलीकडे राखलेली. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेने वेदी काढून टाकली. तिच्या जागी साधे मेज ठेवले आणि महत्त्व दिले व्यासपीठाला. कारण तिथून ग्रंथ वाचला जातो, समजावला जातो. मूर्ती नाहीत, संतांचे सण नाहीत, बिशप नाही. मंडळी आपले वडील निवडते आणि ते कारभारात बसतात. ज्यांना गावच्या देवळाच्या पायरीपलीकडे कधी जाता आले नव्हते, त्यांच्यासाठी ‘आत राखीव जागा नाही’ हा काही बांधकामाचा किरकोळ तपशील नव्हता. म्हणून ‘कॅथलिक’ हा शब्द इथे निष्काळजीपणे वापरणे म्हणजे त्या वास्तूचा अर्थच उलटवणे होय.

मराठवाड्यात कॅथलिक नाहीत, असा याचा अर्थ नाही. आहेत, आणि त्यांचाही इतिहास पोर्तुगीज नाही. तो मुख्यतः नागपूरकडून आलेल्या फ्रान्सलियन पाद्र्यांचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासूनचा आहे. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत तर १९७७ सालचा. या कॅथलिकांनाही कोणी वसईच्या अवशेषांत ढकलले की तीच चूक पुन्हा होते.

आता आक्षेप. पहिला: एवढा गहजब कशाला, शब्दच आहे. दुसरा: ही माणसे धान्यासाठी बाटली, यात इतिहास कसला.

दुसऱ्या आक्षेपाला आधी उत्तर देऊ या. १८७६–७८ च्या भयंकर दुष्काळाच्या आधीच बेथेलचे काम सुरू झाले होते. १८७३ साली नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलले, डोक्यावर पागोटे घालून, त्यांच्या नेहमीच्या वेषात. पण समजा, काहींनी जमिनीसाठीच बाप्तिस्मा घेतला. जमीन मिळवण्यासाठी सरदारांनी धनी बदलले, वतन टिकवण्यासाठी देशमुखांनी निष्ठा बदलल्या, आणि इतिहासकार त्याला राजकारण म्हणतात. भूमिहीन मांगाने बिघाभर रानासाठी देव बदलला की तीच गोष्ट लाच कशी ठरते? अर्थात मिशनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मिशनऱ्यांच्या अहवालांत धर्मांतरितांना पुष्कळदा नाव नसते, नुसती संख्या असते. आणि पाद्र्याच्या मर्जीवर चालणारे गाव हे मुक्त गाव म्हणता येत नाही. हे सारे लिहावे. त्यासाठी आधी ते गाव त्याच्या खऱ्या शतकात ठेवावे लागते.

पहिला आक्षेप अधिक धोक्याचा, कारण तो निरुपद्रवी दिसतो. ‘पोर्तुगीजकालीन’ म्हटले की चर्च परक्याचे होते आणि त्याचे भाविक परक्याने मागे ठेवलेले उरलेसुरले लोक होतात. ‘मध्ययुगीन’ म्हटले की वास्तू इतकी जुनी होते की तिच्याशी आजच्या माणसांचे नाते उरत नाही. ती छायाचित्रासाठी मोकळी होते. बेथेलच्या बाबतीत नाते अवघे पाच-सहा पिढ्यांचे आहे. त्या पिढ्यांची आडनावे शेजारच्या गावांतल्या मातंग घरांत आजही सापडतील अशीच आहेत.

आणि हे नाते कायद्यालाही भिडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या मांगाला तो नाही. महाराष्ट्रात तो इतर मागास वर्गात मोजला जातो. सरकारच्या कागदावर जात एका बाजूला पडली आणि गावाच्या डोक्यातून ती गेली नाही, अशा खिंडीत ही कुटुंबे उभी आहेत. त्यांच्या पूर्वजांनी कोणत्या वर्षी, कोणत्या जातीतून, कशासाठी धर्म बदलला हा त्यांच्यासाठी हौशी इतिहासाचा प्रश्न नाही. चर्चच्या चित्राखाली ‘सोळावे शतक’ लिहिणारा माणूस नकळत सांगत असतो की यांची जात केव्हाच पुसली गेली.

फ्री चर्चची ही मंडळी पुढे १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. फ्री चर्चच्या भारतातल्या मिशनची दप्तरे एडिंबरोच्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, इंग्रजीत. मराठी नावे तिथे स्कॉटिश कानांनी ऐकली तशी लिहिलेली. ती कोणाची, हे ओळखायला मराठवाड्याची गावे, जाती आणि आडनावे ठाऊक असलेला वाचक लागतो. इकडे दफनभूमीतली अक्षरे दर पावसाळ्यात थोडी झिजतात. ज्या तरुणांना जालन्यात जुने चॅपेल शोधायचे आहे त्यांनी जाताना कॅमेऱ्याबरोबर वही न्यावी, नोंदवही पाहायला मंडळीच्या वडिलांची रीतसर परवानगी घ्यावी, आणि दर्शनी कमानीपेक्षा त्या दगडांवरची नावे आधी उतरवावीत.